राजा, मु. पो. राजखेडं

सुरतेहून मनीऑर्डर आली, तीनशे चाळीस रुपये.
पत्ता एवढाच:
राजा,
मु. पो. राजखेडं, राजा डोंगराखाली.
संदेशाच्या चौकटीत दोनच शब्द,
घंटेचे पैसे.
पाठवणाऱ्याचं नाव घामानं की पाण्यानं फुटलेलं,
एका वेलांटीचा फराटा तेवढा उरला होता.

मास्तर म्हणाले, राजखेड्यात राजे किती?
मी बोटं मोजली. एक हात पुरला नाही.

आमच्याकडं हे नाव स्वस्त आहे.
लोक डोंगराला नवस बोलतात, मूल होतं,
डोंगर आपलं नाव देऊन टाकतो.
दुसरं देण्यासारखं त्याच्याकडं आहे काय,
सागवान तर केव्हाच गेलं.

राजधर सोनवणे, शाळेचा शिपाई.
लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा हीच त्याची घंटा,
हातोडी बसून बसून मधोमध खळगा पडलाय.
"फुकटना तुकडा शे भाऊ,
तेना पैसा कोन धाडी?"

राजमल ओस्तवाल, किराणा आणि बैलांचा साज.
त्यानं वही काढली, मग जुनी वही,
मग माळ्यावरची.
घुंगरमाळा, गोंडे, कासरे,
सगळी उधारी लिहिलेली, मेलेल्यांचीसुद्धा.
सुरतेचं कुणी निघालं नाही.
नोटांकडं त्यानं ज्या नजरेनं पाहिलं ते मी पाहिलं,
आणि वही मिटून त्या नजरेवर ठेवली, तेही.

राजाबाई कोळीण ओट्यावर लाल मिरच्यांचे देठ खुडत होती.
मी नाव घेतलं तशी तीन दातांनी हसली.
"राजा म्हनीसन कोनी हाक मारस का माले?
समदा दाईच म्हनतस."
शिंकत शिंकत मी उठलो.

एक राजा बैल आहे, पण त्याची सही चालत नाही.

राहिला राज्या पावरा.
तो अर्ध्या चढावर सापडला, शेळ्यांच्या मागं.
फॉर्म त्यानं हातात घेतला नाही,
काठी तेवढी वर केली,
जिथं पुढं माणूस राहत नाही तिकडं.

माथ्यावर शेंदूर फासलेला दगड. छप्पर नाही.
दोन खांब, खांबांवर आडवी लोखंडी पट्टी,
पट्टीला एक आकडा.
आकडा रिकामा, आणि आतून असा गुळगुळीत
की तिथं खूप वर्षं काहीतरी हलत राहिलं असणार.
राज्या म्हणाला, मी लहान होतो तेव्हा गेली ती.
त्याच आठवड्यात खालचं एक पोरगंही गेलं.
नंदुरबारहून सुरतेचं तिकीट तेव्हा किती होतं
मला आठवत नाही,
पितळेच्या भावापेक्षा कमीच असेल.

मी शाईचा डबा उघडला.
कायदा सांगतो, सही, नाहीतर अंगठा.
दगडाचा एक उंचवटा निळा केला
आणि फॉर्म त्यावर दाबून धरला, चारी कडांनी.
शेजारी साक्षीदार म्हणून राज्याचा अंगठा.
दोन्ही छाप वाळेपर्यंत आम्ही बोललो नाही.
एक शेळी पत्ता हुंगून गेली.

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
रेषाच रेषा, एकीच्या आत दुसरी,
जणू नकाशावर चढ दाखवलाय.
"हा राजा जरा थोराड दिसतो," म्हणाले,
आणि तारखेचा शिक्का हाणला.

तीनशे चाळीसात येते तेवढीच घंटा आली,
तळोद्याच्या बाजारातून.
आवाज बारीक, थोडा नाकातला.
मंगळवारी दुपारी वारा सुटला आणि ती आपोआप वाजली,
तेव्हा खाली राजधर
हातोडी उचलून लिंबाखाली उभाच राहिला.
पोरं दप्तरं घेऊन नदीपर्यंत पोचली होती,
आणि त्याला उमगेना
आज सुटी कोणी दिली.